माहुलीवर शहाजीराजांची गोष्ट सांगणाऱ्या गटप्रमुखांना खुलं पत्र

गडवाटांवरच्या गटप्रमुख मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पौषात तुमच्यापैकीच एका गटाबरोबर मी माहुलीला आलो होतो. आसनगावला लोकलमधून उतरलेल्या चाळीसेक जणांत साठी ओलांडलेला मी एकटाच. पुतण्यानं परस्पर नाव घातलं होतं. शिडी चढून वर आलो तेव्हा पाय लटपटत होते. तुमचा गटप्रमुख पोरगा मात्र गुणी निघाला. मला पायरीवर बसवलं, गूळ-शेंगदाणे हातावर ठेवले, कोणी मागं राहिलं नाही ना म्हणून माणसं दोनदा मोजली. मग तो महादरवाजात उभा राहिला आणि पाच मिनिटांत शहाजीराजांना निकालात काढून मोकळा झाला. निजामशाहीतून आदिलशाहीत, तिथून परत निजामशाहीत, मग मुघलांकडे, मग तेही सोडून पुन्हा इकडे, शेवटी पुन्हा विजापूर. "पाच वेळा पक्ष बदलला मंडळी, आजच्या पुढाऱ्यांचे गुरूच म्हणा ना!" हशा पिकला. पाण्याच्या बाटल्या उघडल्या. पुढं वजीर सुळका दाखवायचा होता, ऊन चढत होतं.

मी तेव्हा गप्प राहिलो. धाप लागलेल्या माणसानं वाद घालू नये. ते राहून गेलेलं आता सावकाश लिहितो.

मी इतिहासकार नाही. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. चौतीस वर्षं लोकांचे बांध मोजले. हद्द कायम करायला गेलं की दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊन उभी असायची, आणि मधोमध मी, माझी साखळी आणि नकाशा. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. बांधावरचं झाड दोघंही आपलं म्हणतात. त्याला पाणी कोणी घालत नाही, फांद्या मात्र दोघंही तोडतात. शहाजीराजांबद्दल वाचताना मला नेहमी ते झाड दिसतं, म्हणून हा खटाटोप.

भोसल्यांची जहागीर पुणे आणि सुपे. वडील मालोजीराजे निजामशाहीचे सरदार. नकाशा समोर घ्या. वर निजामशाही, खाली भीमा-नीरेपलीकडे आदिलशाही, आणि उत्तरेकडून बुऱ्हाणपुरावरून मुघल रेटत येताहेत. पुणे परगणा म्हणजे या सगळ्यांची शिव. शिवेवरचं शेत दोन्हीकडची गुरं खातात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

त्यातही जिच्याशी इमान राखायचं ती निजामशाहीची गादी एका जागी नव्हती. अहमदनगरचा किल्ला १६०० सालीच मुघलांनी घेतला होता आणि तिथला बहादूर निजामशहा त्यांचा कैदी होऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्यात गेला होता. पुढं निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं दुसरा वारस पुढं करून राज्य जिवंत ठेवलं. कधी परांडा, कधी जुन्नर, कधी दौलताबाद अशी राजधानी फिरत राहिली. म्हणजे राजांच्या आयुष्याची सुरुवातच अशा राज्याच्या चाकरीत झाली, जे एकदा बुडून अंबराच्या हिमतीवर पुन्हा तरंगत होतं. 'पक्ष बदलला' म्हणताना आपण समजतो की पक्ष जागच्या जागी उभा होता आणि माणूस हलला. इथं जमीनच सरकत होती.

आणि चाकरी म्हणजे काय, हेही एकदा नीट सांगाच. सरदार घोडी, माणसं, हत्यारं घेऊन यायचा. शहा त्याला त्या फौजेच्या पोटासाठी महाल, म्हणजे वसुलाचा मुलूख, लावून द्यायचा, त्याला मोकासा म्हणत. मोकासा काढून घेतला की महिन्याभरात घोड्यांचा दाणा संपतो आणि माणसं दुसऱ्याच्या तळावर जातात. तेव्हा सरदारानं दरबार सोडणं ही रोजच्या व्यवहारातली गोष्ट होती. कौल, म्हणजे वचनं, द्यायचे, घ्यायचे, मोडायचे. मोडण्यात शहा काही मागं नव्हते. आपण हिशेब मात्र एकाच बाजूचा ठेवतो.

आता भातवडी. अहमदनगरपासून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरपासून, जवळच आहे, तुमच्यापैकी फार कमी जण तिथं गट घेऊन जातात, कारण चढायला काही नाही. १६२४ साली मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा मिळून निजामशाहीवर आल्या. मलिक अंबरानं भातवडीच्या तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला, रात्रीचे छापे घातले, आणि मग तुटून पडला. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी तिथं मारला गेला. या लढाईत शहाजीराजे निजामशाहीकडून लढले. सख्खा भाऊ शरीफजी तिथंच कामी आला. शहाजी आणि शरीफजी ही नावं नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसावरून ठेवली होती अशी परंपरा आहे. नवसाच्या दोन मुलांपैकी एक त्याच नगरच्या मातीत पडला. सासरे लखुजीराव जाधव तेव्हा मुघलांच्या बाजूला होते. सिंदखेडची लेक भोसल्यांच्या घरात, बाप समोरच्या छावणीत. जिजाऊंच्या आयुष्यात ही ओढाताण पुढं पुन्हा पुन्हा येत राहिली.

एवढं करून दरबारात काय मिळालं? मानापमान आणि चुलतभावांशी कुरबुरी. वर्षभरात राजे विजापूरला गेले. इब्राहिम आदिलशहानं त्यांना सरलष्कर केलं. ही झाली तुमची 'पहिली वेळ'. मग १६२६ मध्ये मलिक अंबर वारला, १६२७ मध्ये इब्राहिम आदिलशहा गेला. ज्यानं मोठं केलं तोही नाही आणि ज्यानं बोलावून घेतलं तोही नाही. विजापुरात नवी माणसं वर आली, राजे परत निजामशाहीत आले. ही 'दुसरी'. इथवरचं तुम्ही घाईत सांगितलंत तरी माझी तक्रार नाही. पण पुढची सात वर्षं कृपा करून घाईत सांगू नका.

२५ जुलै १६२९. दौलताबादचा किल्ला. लखुजीराव एव्हाना निजामशहाकडे परत आलेले. ते मुलांसह मुजऱ्याला गेले आणि भर दरबारात त्यांच्यावर हत्यारं चालली. ते स्वतः, अचलोजी आणि रघोजी हे मुलगे, आणि नातू यशवंतराव: एका घरातले चार पुरुष एका दुपारी संपले. बाहेर ना लढाई होती ना बंड. जिजाऊंना तेव्हा दिवस गेले होते. पुढच्या फेब्रुवारीत, १९ फेब्रुवारी १६३० ला, शिवनेरीवर शिवराय जन्मले. तुम्ही दरवर्षी शिवनेरीवर मशाली नेता, पाळणा म्हणता. ज्या बाईसाठी म्हणता तिचं माहेर सात महिन्यांपूर्वी कापलं गेलं होतं, हे तिथं कोणी सांगतं का? आणि ती शिवनेरीवर का होती? तिला सुरक्षित ठेवायला नवऱ्याजवळ दुसरी जागा उरली नव्हती म्हणून. गडावर विश्वासराव होते, थोरल्या संभाजीराजांचं लग्न त्यांच्याच घरातल्या मुलीशी झालं होतं. शिवेवरच्या माणसाला राजापेक्षा व्याह्याचा आधार जास्त, हे मी मोजणीच्या कामात शंभरदा पाहिलंय.

ज्या दरबारात सासरा आणि मेव्हणे मारले गेले तो दरबार राजांनी सोडला. त्यात नवल ते काय? न सोडता तर नवल.

याच सुमारास विजापूरच्या फौजेनं पुणं जाळलं. विजापूरचा सरदार मुरार जगदेव याच्या हुकमानं गावावर गाढवाचा नांगर फिरवला, लोखंडी पहार ठोकली, असं जुन्या नोंदी सांगतात. गाढवाचा नांगर म्हणजे इथं पुन्हा वस्ती करू नका असा शाप. आणि त्यावर १६३० पासूनचा दुष्काळ. देहूत तुकोबांची थोरली बायको 'अन्न अन्न' करत याच दुष्काळात गेली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. जहागीर जळलेली, पाऊस नाही, घोड्यांना वैरण नाही, निजामशहाच्या हाताला घरच्यांचं रक्त, विजापूरवाल्यांनी गाव जाळलेला. अशा वेळी उरतो तिसरा. १६३० च्या अखेरीस राजे मुघलांकडे गेले, शाहजहाननं पंचहजारी मनसब, म्हणजे पाच हजारांची सरदारकी, दिली. 'तिसरी वेळ'.

दीड-दोन वर्षं जेमतेम. मलिक अंबराचा मुलगा फत्तेखान यानं १६३२ मध्ये स्वतःच्या धन्याला, निजामशहाला, मारून एका पोराला गादीवर बसवलं आणि मुघलांशी संधान बांधलं. शाहजहाननं त्याला खूश करायला जे महाल दिले, त्यात शहाजीराजांना लावून दिलेले महालही होते. मोकाशाचं वर सांगितलं ते इथं आठवा. करार कोणी मोडला? राजे बाहेर पडले. दुसऱ्याच वर्षी महाबतखानानं दौलताबाद घेतलं आणि फत्तेखानानं बसवलेला हुसेन निजामशहा ग्वाल्हेरला रवाना झाला. ग्वाल्हेरच्या कैदेतला हा दुसरा निजामशहा.

इथं निजामशाही संपायला हवी होती. संपली नाही, ती एका सरदारामुळं. संगमनेर तालुक्यात पेमगिरीचा किल्ला आहे. तिथला मोठा वड पाहायला लोक जातात, सेल्फी काढतात आणि परत फिरतात. त्या किल्ल्यावर १६३३ मध्ये शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातला मुर्तझा नावाचा लहान मुलगा गादीवर बसवला आणि त्याच्या नावानं तीन वर्षं राज्य चालवलं. ही तुमची 'चौथी वेळ'. पोराला मांडीवर घेऊन राजे सिंहासनावर बसत असं सांगतात. जुन्नर, संगमनेर, नाशिकचा डोंगराळ मुलूख, उत्तर कोकण, किल्ल्यांमागून किल्ले. आणि यात त्यांच्या मदतीला विजापूरकडून कोण होतं, सांगा पाहू? पुणं जाळणारा तोच मुरार जगदेव. राजांनी त्याच्याशी जमवून घेतलं. भीमा-इंद्रायणीच्या संगमावर मुरारानं तुळादान, म्हणजे वजनाइतकं दान, केलं तेव्हा हत्ती कसा तोलायचा हा प्रश्न पडला, आणि राजांनी सुचवलं की हत्तीला नावेत चढवा, पाणी कुठवर येतं तिथं खूण करा, मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत धोंडे भरा. त्यावरून त्या गावाचं नाव तुळापूर पडलं अशी गोष्ट आहे. खरी असो नसो, मला आवडते. मोजणीवाल्याला आवडणारच. जळलेल्या पुण्याचा धनी आणि पुणं जाळणारा एका नावेतल्या हत्तीकडं बघत काठावर उभे आहेत! शिवेवर राहणाऱ्याला असा राग गिळता आला नाही तर तो टिकत नाही.

तीन वर्षं. मुघलांचा बादशहा समोर असताना. मग विजापुरात दरबारी भांडणं पेटली आणि १६३५ मध्ये मुरार जगदेव मारला गेला. राजांचा तिथला आधार गेला. १६३६ च्या आरंभी शाहजहान स्वतः दख्खनेत उतरला. मे महिन्यात मुघल आणि आदिलशहा यांनी निजामशाही वाटून घेतली. त्या तहात एक कलम असं होतं की शहाजीनं जुन्नर, त्र्यंबक वगैरे किल्ले मुघलांच्या हवाली केल्याशिवाय आदिलशहानं त्याला चाकरीत घेऊ नये. थोडं थांबा आणि याचा विचार करा. एका बाजूला हिंदुस्थानचा बादशहा, दुसऱ्या बाजूला विजापूरचा सुलतान, आणि त्यांच्या तहात एका मराठा सरदारासाठी वेगळं कलम. चौतीस वर्षांत मी हजारो वाटणीपत्रं वाचली. भावाभावांनी वाटणी करताना बांधावरच्या झाडाचं नाव घातलेलं पाहिलं की समजायचं, त्या झाडाला दोघंही वचकून आहेत.

आणि आता तुमची माहुली. शहाजीराजे हटत हटत इथं आले. पोर्तुगिजांकडं आसरा मागून झाला, मिळाला नाही. खाली महाबतखानाचा मुलगा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान, दोघांचे वेढे. सहा वर्षांचे शिवराय आणि जिजाऊ गडावरच होत्या असं मानलं जातं. पळसगड, माहुली, भंडारगड ही तीन शिखरं तुम्ही एका दिवसात पायाखाली घालता. पावसाळाभर दोन फौजांनी कोंडलेल्या गडावर बायकामुलांसह राहणं काय असेल, तिथल्या पाण्याच्या टाक्याजवळ उभं राहून सांगा. ऑक्टोबर १६३६ मध्ये राजे खाली उतरले. आधी त्यांनी मुघलांची चाकरी मागितली होती. बादशहानं नाकारली, विजापूरला जा म्हणाला. त्र्यंबक, त्रिंगलवाडी, हरिश्चंद्रगड, जीवधन, हडसर, जुन्नर असे किल्ले द्यावे लागले. तुमच्या वर्षभराच्या मोहिमांचं वेळापत्रकच की हे! या प्रत्येक गडावर तुम्ही जाता, आणि हे सगळे एका माणसाच्या हातातून एका दमात गेले, हे एकाही गडावर सांगत नाही.

म्हणजे 'पाचवी वेळ' ही बदलीच नव्हती. कुठं जायचं हे दोन राजांनी आपसात ठरवलं होतं.

त्यानंतरचं तुमच्या गोष्टीत कधीच येत नाही. ते विजापूरकरांकडं गेले आणि मरेपर्यंत, अठ्ठावीस वर्षं, त्याच दरबारात राहिले. त्यांना मुद्दाम पुण्यापासून दूर कर्नाटकात धाडलं गेलं. रणदुल्लाखानाबरोबर मोहिमा, १६३८ मध्ये केंपेगौडाचं बंगळूर घेतलं, तिथंच त्यांचा वाडा झाला. १६४८ मध्ये जिंजीजवळ त्यांच्याच छावणीत पहाटे पकडले गेले, साखळदंडात विजापूरला नेले गेले. पकडणारा मुधोळचा बाजी घोरपडे, म्हणजे भाऊबंदच. सुटकेसाठी शिवरायांना कोंढाणा सोडावा लागला. तरीही राजे त्या चाकरीतून उठले नाहीत. १६६४ च्या जानेवारीत, वसंत पंचमीला, होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून गेले. आज ते गाव दावणगेरे जिल्ह्यात येतं, तिथं त्यांची समाधी आहे. पाच वेळा बदलले म्हणून हसणाऱ्याला माझा साधा हिशेब: पहिली बदली ते शेवटची, अकरा वर्षं. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं एकही नाही. अंकगणित तरी सरळ मांडा.

तुमच्यातल्या दुसऱ्या प्रकारच्या गटप्रमुखांनाही दोन शब्द. ते हसत नाहीत, उलट डोळ्यांत पाणी आणून सांगतात की हे सगळं राजांनी आधीच आखलेलं होतं. प्रत्येक दरबारात ते स्वराज्याच्या गुप्त योजनेसाठीच गेले. ऐकायला छान वाटतं. पण मग भातवडीला शरीफजी योजनेनं गेला का? लखुजीराव? पुण्यावरचा नांगर? या गोष्टीत राजांना कधी काही कळलं नाही, काही हरवलं नाही, कधी भीती वाटली नाही. पेमगिरीला त्यांनी जे केलं ते पुढं काय घडणार हे ठाऊक नसताना केलं, म्हणूनच ते मला एवढं मोठं वाटतं. शिवरायांनी पुढं कोणाची तरी गादी सांभाळायची भानगडच ठेवली नाही, आपलीच उभी केली. बापाची ती तीन वर्षं त्यांनी घरात ऐकली असणारच. एवढं माझंही मत आहे. त्याच्या पलीकडं जाऊन कुंडली मांडायची गरज नाही.

तेव्हा विनंती अशी. 'पक्ष' हा शब्द गडाच्या पायथ्याशीच ठेवून या. प्रत्येक बदलीचं साल सांगण्याआधी, त्याच्या आदल्या वर्षी काय झालं ते सांगा. दोन मिनिटं जास्त लागतील. वर्षातून एक मोहीम भातवडी-पेमगिरीची काढा, भातवडीला चढ नसला तरी. वर्गणी कमी ठेवलीत तर माझ्यासारखे गुडघ्यानं अधू झालेलेही येतील.

आणि माहुलीच्या दरवाजात उभे राहाल तेव्हा त्या पोराचं नाव घ्या. मुर्तझा. राजे गड उतरले तेव्हा तोही खाली आणला गेला आणि मुघलांच्या हवाली झाला. त्याला ग्वाल्हेरला पाठवलं. तिथं १६०० साली नेलेला बहादूर आणि दौलताबादेत पकडलेला हुसेन हे दोन निजामशहा होतेच, हा तिसरा. त्या दिवशी माहुलीच्या पायथ्याशी राजांनी मागं वळून त्याच्याकडं पाहिलं का, हे कुठल्याच दप्तरात नाही.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, शहापूर तालुका